कागदावरून पडद्यावर (लेखांक ७) : जनरलसाहेबांची अट

मागच्या लेखांकात आपण 'अंकल टॉम्स केबिन'ची नाटकं पाहिली. त्या नाटकांवर इतरांनी पैसा केला आणि लेखिकेच्या हाती काही आलं नाही. कादंबरीचं नाटक करण्याचा हक्क लेखकाकडे राखण्याची सोय अमेरिकेच्या कायद्यात १८७० साली झाली. 'बेन-हर' या कादंबरीचे कर्ते ल्यू वॉलेस त्यानंतरचे लेखक, शिवाय पेशाने वकील. आपला हक्क कसा वापरायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

वॉलेस हे यादवी युद्धातले जनरल. १८६२च्या शायलोच्या लढाईत पहिल्या दिवशी त्यांचं सैन्य वेळेवर पोहोचलं नाही, आणि तो ठपका त्यांना आयुष्यभर बोचत राहिला. १८७८मध्ये ते न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर झाले. दिवसा बिली द किडसारख्या बंदूकबाजांची प्रकरणं निस्तरायची आणि रात्री सांता फेच्या जुन्या वाड्यात दिव्याच्या उजेडात येशूच्या काळातलं जेरुसलेम उभं करायचं, असा त्यांचा क्रम. ते शहर त्यांनी तोवर पाहिलेलंही नव्हतं. सगळा आधार नकाशांचा आणि ग्रंथांचा.

'बेन-हर' १२ नोव्हेंबर १८८० रोजी आली. पहिल्या सात महिन्यांत जेमतेम २,८०० प्रती खपल्या. पण पुढे खप असा चढला की शतक सरताना ती 'अंकल टॉम'च्याही पुढे गेली होती. ज्यूदा बेन-हर हा ज्यू तरुण. मेसाला हा त्याचा बालपणीचा रोमन मित्र त्याला खोट्या आरोपात अडकवून जहाजावर वल्ही मारायला धाडतो. सुटका झाल्यावर तो रथांच्या शर्यतीत सूड उगवतो, आणि अखेर येशूपाशी येऊन पोहोचतो.

नाटकवाल्यांना वॉलेस यांनी कित्येक वर्षं दाद दिली नाही. येशूचं काम कुण्या नटाने करावं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. शेवटी १८९९ साली क्लॉ आणि अर्लांगर या निर्मात्यांशी करार झाला तो एका अटीवर : येशू माणसाच्या रूपात दिसणार नाही. रंगमंचावर त्याच्या जागी प्रकाशाचा एक प्रखर झोत आला.

प्रेक्षक मात्र शर्यतीसाठी येत. खरे घोडे, खरे रथ, आणि घोड्यांच्या टापांखाली उलट्या दिशेने धावणारे पट्टे. जिममधल्या ट्रेडमिलचा हा दणकट थोरला भाऊच! मागे रंगवलेला पडदा सरकत राही. घोडे जिवाच्या आकांताने पळत आणि तिथल्या तिथेच राहत. त्या पहिल्या संचातला मेसाला होता विल्यम हार्ट, पुढे मूकपटांतल्या काउबॉयच्या भूमिकांनी गाजलेला. नाटक वीसएक वर्षं चाललं.

वॉलेस १९०५मध्ये वारले. दोनच वर्षांनी केलेम कंपनीने कुणालाही न विचारता या कथेवर छोटासा मूकपट काढला. चित्रं पडद्यावर हलली म्हणून ते नाटक होत नाही, असा त्यांचा बचाव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९११मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी तो फेटाळला : चित्रपट हेही कथेचं नाट्यरूपच, तेव्हा परवानगी हवी. कादंबरीवर सिनेमा काढायचा तर आधी हक्क विकत घ्यायचे, ही हॉलिवूडची रीत या निकालाने पक्की केली. माझ्या मते 'बेन-हर'ची सिनेमाला सर्वांत मोठी देणगी हीच, रथ त्यानंतर.

पुढचे दोन भव्य चित्रपट रीतसर परवानगीने आले. १९२५च्या मूकपटाच्या वेळी विल्यम वायलर हा दिग्दर्शकाच्या अनेक साहाय्यकांपैकी एक होता. १९५९मध्ये तोच दिग्दर्शक म्हणून रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभा होता. चार्लटन हेस्टनच्या त्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले. बारा नामांकनांपैकी एकच हुकलं, तेही पटकथेचं.

त्या पटकथेनेच मूळ कथेत मोठा फेरफार केला होता. चित्रपटात मेसाला रथाच्या चाकांना पाती लावून येतो आणि आपल्याच कपटाने चिरडला जातो. नायकाचे हात स्वच्छ राहतात. कादंबरीतला बेन-हर मात्र लगाम किंचित वळवून, आपल्या आसाच्या लोखंडी टोकाने जाणूनबुजून मेसालाचं चाक फोडतो. मेसाला मरत नाही, पंगू होऊन जगतो. असा सूड घेणाऱ्या माणसाला क्षमेपर्यंत नेणं ही वॉलेसची खरी कसोटी होती. वायलरने ती सोपी करून टाकली.

येशूच्या चेहऱ्याची अट मात्र या दोन्ही चित्रपटांनी पाळली. १९५९मध्ये तो पाठमोराच दिसतो. २०१६च्या नव्या आवृत्तीत रॉड्रिगो सँटोरोचा चेहरा थेट समोर आला, संवादांसह. तो चित्रपट सपशेल आपटला. चेहरा दाखवला म्हणून तो आपटला असं मी म्हणणार नाही. तो मुळातच रटाळ होता.

कादंबरीचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. सुरुवात संथ आहे, चिकाटी लागते. तेवढी नसेल तर शर्यतीचा पाचवा खंड तरी वाचा आणि मग चित्रपट पुन्हा पाहा.

पुढील लेखांक : खपात 'बेन-हर'ला मागे टाकणारी १९३६ची कादंबरी, 'गॉन विथ द विंड'.