नजरेआडच्या कामाचे मोजमाप

वरिष्ठांच्या नजरेआड काम करणाऱ्याने किती काम केले, हे ठरवण्याचे मार्ग तीन आहेत. तो हजर होता का ते पाहायचे, केलेले काम नगांवर मोजायचे, किंवा त्या कामातून काय साधले ते तपासायचे. 2020च्या टाळेबंदीत संगणक कंपन्यांची माणसे घरून काम करू लागली आणि हा प्रश्न शहरांत चर्चेला आला. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो त्याआधीपासून आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा प्रामुख्याने खेड्यांचा. आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, तलाठी यांचे काम गावागावांत चालते आणि त्यांचे वरिष्ठ तालुक्याला किंवा जिल्ह्याला बसतात.

यातला सर्वांत बारकाईने मोजला जाणारा कर्मचारी म्हणजे आशा, गावची आरोग्य स्वयंसेविका. तिच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेच्या घरी तिने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचे असते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये. या भेटींच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत मात्र त्यापुढेही अटी आहेत: बाळाच्या जन्मवजनाची नोंद, सुरुवातीच्या लसी, जन्मनोंदणी, आणि 42व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप असणे. म्हणजे भेटी मोजायच्या आणि परिणामही पाहायचा. कल्पना चांगली आहे. पण शेवटची अट आशाच्या हातात किती? रुग्णवाहिका उशिरा आली किंवा दवाखान्यात डॉक्टर नसला, तर तिच्या सहाही भेटी वेळेवर होऊन उपयोग होत नाही.

नगांवरच्या मोजणीत जे कोष्टकात बसत नाही ते फुकटात जाते. लसीला नकार देणाऱ्या घरी चार वेळा जाऊन सासूबाईंची समजूत काढणे, अडलेल्या बाईसोबत दवाखान्यात रात्र काढणे, याला कोष्टकात स्वतंत्र रकाना नाही. लस टोचली गेली की तेवढीच नोंद होते.

हजेरीची मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी सांगणारी. रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र टाकणे सक्तीचे झाले. छायाचित्रात माणूस दिसतो, त्याने किती ब्रास माती काढली ते दिसत नाही. छायाचित्राचेच छायाचित्र काढून टाकण्याचे आणि कामाशी संबंध नसलेले फोटो चढवण्याचे प्रकार केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै 2025मध्ये नोंदवले आणि फोटोंच्या पडताळणीचे आदेश काढले. महाराष्ट्राच्या 1977च्या रोजगार हमी कायद्याखाली तर खोदाईचे माप घेऊन, मापपुस्तकात नोंदवून मजुरी काढण्याची रीत होती. त्या मापातही हातचलाखी होत असे, तरी निदान मोजली जायची ती माती.

अंगणवाडी सेविकांची कथा याहून निराळी. त्यांनी नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च 2021मध्ये आले. निकृष्ट मोबाईल आणि ॲपची इंग्रजी यांमुळे त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारला मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. नोंद करण्याचे कामच मूळ कामाचा वेळ खाऊ लागले, तर आकड्यांत काम कमी दिसते आणि दोष कर्मचाऱ्यावर येतो.

घरून काम करणाऱ्यांवरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग चीनमधला आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधील कॉल सेंटरमध्ये तो नऊ महिने केला. घरून काम करणाऱ्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. तिथे मोजणी सोपी होती, कारण किती फोन घेतले आणि किती मिनिटे बोलले हे यंत्रच टिपत होते. आराखडे करणाऱ्या अभियंत्याला किंवा बातमी शोधणाऱ्या पत्रकाराला ही पट्टी लागू पडत नाही. कीबोर्डवर बोटे किती वेळ चालली, हे टिपणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. तीही शेवटी हजेरीच मोजतात.

हिंगोलीत काय किंवा पुण्याच्या संगणक कंपनीत काय, भरवशाची पद्धत तीच: अपेक्षित काम आधी स्पष्ट ठरवावे, त्याची थोडक्यात नोंद घ्यावी आणि काही नोंदी प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहाव्यात. आशांच्या बाबतीत हे ताडून पाहण्याचे काम गटप्रवर्तक करतात. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते आणि महिन्याकाठी वीस भेटी धरून तिचा मोबदलाही भेटीवरच ठरवला गेला. 2018मध्ये तो भेटीला 300 रुपये झाला. गावोगावच्या प्रवासाचा खर्चही त्यातूनच भागवायचा असेल, तर ही रक्कम तुटपुंजी आहे. नवे ॲप आणण्याआधी सरकारने ती वाढवावी.