रंग कूळ सांगतो, घर नाही

बायॉप्सीच्या अहवालात ‘मेटास्टॅटिक’ हा शब्द आला की घरचे विचारतात, ‘म्हणजे मूळ कुठे?’ त्वचेवरची गाठ तिथेच जन्मली, की फुप्फुसातून, स्तनातून, आतड्यातून आली, यावर पुढचे उपचार ठरतात. मी डॉक्टर नाही. जुनी पाठ्यपुस्तकं जमवून हा विषय शिकलो, आणि त्यात सर्वांत गुंतलो ते याच प्रश्नात.

नेहमीचं रंजन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांचं. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं, बाकी सारं गुलाबी. पेशींची ठेवण कळते. पण फार बिघडलेल्या पेशी, उगम कुठलाही असो, एकसारख्याच दिसू लागतात. तिथे प्रतिपिंडं कामी येतात. १९४१ साली हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारं रसायन जोडून दाखवलं. आज बहुधा चमक नसते. प्रतिपिंड ठरावीक प्रथिनाला चिकटलं, की तिथे तपकिरी रंग उमटतो.

समजा, त्वचेत लहान, गोल, गडद पेशींची गाठ सापडली. तो त्वचेचाच मर्केल पेशींचा कर्करोग असेल, किंवा फुप्फुसातल्या स्मॉल सेल कर्करोगाची शाखा. साध्या रंगात दोन्ही जुळ्या बहिणी. सीके-२० लावलं, तर मर्केलमध्ये बहुधा केंद्रकाला लागून तपकिरी ठिपका उमटतो, दुसरीत सहसा नाही. टीटीएफ-१चं बरोबर उलट.

‘बहुधा’ आणि ‘सहसा’ हे शब्द इथे टाळता येत नाहीत. टीटीएफ-१ थायरॉइडच्या गाठीतही उमटतं. गाटा-३ स्तनाच्या आणि मूत्राशयाच्याही. मेलॅनोमासाठीचं एस-१०० सहसा चुकवत नाही, पण मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठीही रंगवतं. एचएमबी-४५ अधिक नेमकं, तरी काही मेलॅनोमांत ते उमटतच नाही. त्यामुळे एका रंगावर निकाल देत नाहीत. चार-सहा रंग लावून मेळ पाहतात.

आणि मेळ बसला तरी कळतं ते कूळ. लसिकाग्रंथीतली गाठ मेलॅनोमाची, एवढं रंग सांगतील. कोणत्या तिळातून आली, ते नाही. चपट्या पेशींचा कर्करोग त्वचेचा की फुप्फुसाचा, हेही पुष्कळदा रंगांवरून ठरत नाही. मग स्कॅन होतात आणि विचारलं जातं, ‘पूर्वी कधी तीळ किंवा गाठ काढली होती का?’ तेव्हाचा अहवाल आणि मेणाचा ठोकळा मिळाला, तर पॅथॉलॉजिस्टला जुनी-नवी गाठ शेजारी ठेवून पाहता येते.