रक्तातलं दुखणं आणि आईवरचा ठपका

‘हे तुमच्या माहेरचंच असणार.’ बाईच्या आजारपणात हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. नवऱ्याचं ब्लडप्रेशर ‘कामाच्या टेन्शनमुळे’ आणि बायकोचं दुखणं मात्र ‘माहेरून आलेलं’, अशी वाटणी आपल्याकडे घरोघरी झालेली असते. ल्युपस या आजाराच्या बाबतीत तर हे फारच होतं, कारण तो होतो प्रामुख्याने बायकांना. दहा रुग्णांमागे नऊ स्त्रिया, आणि त्यातल्या बहुतेक जणींना तो गाठतो पंधरा ते पंचेचाळीस या वयात. म्हणजे नेमकं शिक्षणाचं, नोकरीचं, लग्नाचं आणि बाळंतपणाचं वय!

माझ्या मावसबहिणीला ल्युपस झाला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. सकाळी उठलं की हाताची बोटं आखडलेली, कंगव्यात केसांचे पुंजके, उन्हात जाऊन आलं की दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा लालबुंद. आधी ‘रक्त कमी आहे’ झालं, मग ‘संधिवात’ झाला, मग ‘कामाचा कंटाळा’ही म्हणून झालं. पाय सुजले आणि लघवीतून प्रथिनं जात असल्याचं कळलं, तेव्हा कुठे योग्य तपासण्या झाल्या. यात दीड वर्ष गेलं. निदान झाल्यावर तिच्या सासूबाई मावशीला एवढंच म्हणाल्या, ‘आधी सांगायला हवं होतंत तुम्ही.’ आणि मावशी मला म्हणाली, ‘अगं, माझंच काहीतरी वाईट रक्त गेलं बघ तिच्या अंगात.’

मावशीच्या या वाक्यानं मी अस्वस्थ झाले. मग डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते मावशीसारख्या प्रत्येक आईपर्यंत पोचावं असं वाटतं, म्हणून हा लेख.

आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे घराचा पहारेकरी. ल्युपसमध्ये हा पहारेकरी कमजोर होत नाही, तर घरातल्याच माणसांना चोर समजून झोडपायला लागतो. कधी सांधे, कधी त्वचा, कधी मूत्रपिंड. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढव’ म्हणून नातेवाइकांनी सुचवलेले काढे इथे कामाचे नसतात. पहारेकऱ्याला खुराक नको असतो, त्याला भानावर आणायचं असतं.

आता प्रश्न जनुकांचा. ल्युपसशी संबंध असलेल्या जागा आपल्या जनुकसंचात शंभराहून अधिक सापडल्या आहेत. त्यातल्या काही आहेत ‘रिसेप्टर’च्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींवरच्या, संकेत टिपणाऱ्या प्रथिनांच्या. शरीरात रोज पेशी मरतात, त्यांचा कचरा होतो. तो आणि त्याला चिकटलेल्या अँटीबॉडीज उचलून नेणाऱ्या पेशी म्हणजे जणू आपल्या घंटागाड्या. कचरा पकडायला या गाडीला एक आकडा असतो, त्याचं नाव एफसी रिसेप्टर. त्याची जनुकं पहिल्या गुणसूत्रावर असतात. काही जणांमध्ये या आकड्याची पकड जन्मतःच थोडी सैल असते. मग कचरा साठतो, मूत्रपिंडाच्या नाजूक गाळणीत अडकतो आणि तिथे दाह सुरू होतो.

याच कुटुंबातला एक रिसेप्टर ब्रेकचं काम करतो, पहारेकऱ्याला ‘पुरे’ म्हणून सांगतो. त्याचा एक ढिला प्रकार आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात बराच आढळतो. का? तर ब्रेक ढिला असलेलं शरीर मलेरियाच्या जंतूशी अधिक जोमाने लढतं, असं संशोधनात दिसलं आहे. म्हणजे ज्याला आपण ‘वाईट रक्त’ म्हणतो, त्यानेच कदाचित कुणाच्या तरी पणजीला मलेरियातून वाचवलं असेल!

मग बायकांनाच का? इथे येतो टीएलआर ७ नावाचा आणखी एक रिसेप्टर. विषाणू आत शिरला की धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांमध्ये एक्स दोन, पुरुषांत एक. बाईच्या पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेलं असतं खरं, पण त्यावरचं टीएलआर ७ काही प्रतिकारक पेशींत जागंच राहतं. ज्या थोड्या पुरुषांना जन्मतः एक एक्स जादा असतं, त्यांनाही ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे चौदापट आढळला. घंटा दोन, तर गोंधळही जास्त.

आता नीट लक्ष द्या. मुलीची ही दोन एक्स गुणसूत्रं येतात कुठून? एक आईकडून आणि एक वडिलांकडून! वडिलांनी एक्स दिलं म्हणूनच तर ती मुलगी झाली. पण मावसबहिणीच्या आजारात काकांचं नाव कुणीच घेतलं नाही.

पुढची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कॅरोला विनुएसा या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका स्पॅनिश मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला सातव्या वर्षीच तीव्र ल्युपस झाला होता. तिच्या टीएलआर ७ च्या जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला, आणि तो आईतही नव्हता, वडिलांतही नव्हता. तो तिच्यात नव्याने घडला होता. तोच बदल उंदरांत केल्यावर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. अर्थात असं एकाच जनुकामुळे होणारं ल्युपस अगदी विरळ.

याच विनुएसाबाईंनी ऑस्ट्रेलियातल्या कॅथलीन फोल्बिग यांच्या जनुकांचाही शोध घेतला होता. आपल्या चार मुलांच्या मृत्यूबद्दल या आईला २००३ मध्ये दोषी ठरवलं गेलं होतं. तिच्या दोन मुलींमध्ये हृदयाशी संबंधित एका जनुकातला बदल सापडला, त्यांचे मृत्यू नैसर्गिक असू शकतात हे पुढे आलं, आणि वीस वर्षांनी, २०२३ मध्ये ती सुटली. तिथे तो बदल आईकडूनच आला होता. पण जनुक आईकडून आलं म्हणून आई गुन्हेगार होत नाही, हेच त्यातून दिसलं.

आणि जनुक म्हणजे ललाटरेषाही नव्हे. एकसारख्या जुळ्या बहिणींची जनुकं तंतोतंत सारखी असतात. तरीही एकीला ल्युपस झाला तर दुसरीला तो होण्याचं प्रमाण साधारण चारात एक. बाकीचा वाटा ऊन, जंतुसंसर्ग, संप्रेरकं अशा गोष्टींचा आणि काही प्रमाणात निव्वळ योगायोगाचा. ल्युपस असलेल्या आईच्या बहुतेक मुलींना तो होत नाही. त्यामुळे लेकीची जनुकतपासणी करायला धावू नका. नेहमीचं ल्युपस ठरतं ते लक्षणं, एएनएसारख्या रक्ततपासण्या आणि लघवीची तपासणी यांवरून.

औषधांचंही सांगते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मुळात मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली गोळी. टीएलआर ७ पेशीच्या आत जिथे काम करतं, तिथे जाऊन ती त्याची घंटा हळू करते. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने या गोळीवर उड्या पडल्या, तेव्हा मावसबहिणीच्या भावाने ती मिळवायला अख्खा बाजार पालथा घातला होता. कोविडवर तिचा उपयोग नाही हे नंतर सिद्ध झालं. ल्युपसमध्ये मात्र ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते, म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी हवी. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. उन्हात छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. मूल हवं असेल तर आजार किमान सहा महिने शांत असताना, डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, कारण काही औषधं आधी बदलावी लागतात. मावसबहिणीने हे सगळं पाळलं. आज तिचा मुलगा चौथीत आहे.

एक काम मात्र प्रत्येकीने करावं. घरात कुणाला ल्युपस, थायरॉईड, आमवात असे आजार आहेत किंवा होते, ते वहीत लिहून ठेवावं. माहेरचं आणि सासरचं, दोन्हीकडचं. डॉक्टर विचारतात ते निदान लवकर व्हावं म्हणून, कुणाचा दोष काढायला नव्हे. मावशीने तिची वही लिहायला घेतली, तेव्हा पहिल्या पानावर काकांच्या बहिणीचा आमवात निघाला. मावशी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं एकटीचं नव्हतं तर.’