तीन पासचं गणित

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या एका शाळेची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी लातूरला गेली होती. त्यांच्याबरोबर आम्हीही होतो. प्रदर्शन आटोपल्यावर संध्याकाळी यजमान शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा मैत्रीचा सामना झाला. तो १-१ असा बरोबरीत सुटला, आणि खरी लढत त्यानंतर चहाच्या टपरीवर सुरू झाली, दोन्ही शाळांच्या क्रीडाशिक्षकांमध्ये.

नांदेडची मुलं चेंडू जमिनीवर ठेवून, एकमेकांना छोटे पास देत, मधली फळी ताब्यात घेऊन पुढे सरकत होती. लातूरच्या सरांनी आपल्या मुलांना एकच गोष्ट सांगितलेली होती. चेंडू मिळाला की लांब, उंच मारायचा आणि पुढच्या दोघांनी त्याच्यामागे धावत सुटायचं.

"ओ सर, तुमची लेकरं निम्मा सामना चेंडू खेळवत बसली. गोल किती? एक. आमचाबी एकच. मग एवढा खटाटोप कशाला?"

"अहो, चेंडू आमच्याकडं होता म्हणून तर तुम्हाला दुसरा गोल करता आला नाही!"

यावर लातूरच्या सरांनी खिशातून हुकमाचं पान काढावं तसा एक आकडा बाहेर काढला. फुटबॉलमधले ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांमधून होतात, हे इंग्लंडमध्ये हजारो सामने मोजून सिद्ध झालेलं आहे. मग चौथा पास द्यायचाच कशाला? आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही संशोधक माणूस. आकडा खोटा असेल तर सांगा."

आकडा खोटा नव्हता. पण त्या संध्याकाळी आमच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही होतं. लातूरच्या संघात मधल्या फळीत लहान चणीचा एक मुलगा होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात राहिला. पूर्ण सामन्यात तो चेंडूला जेमतेम चार-पाच वेळा शिवला असेल. एका टक्केवारीच्या भरवशावर त्याचा खेळच संपला असेल, तर ती टक्केवारी नीट तपासून घ्यायला हवी.

या आकड्यामागचा माणूस म्हणजे चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात तो हिशेबनीस होता, पुढे विंग कमांडर झाला. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना बघताना स्विंडनच्या निष्फळ चढायांना तो इतका कंटाळला, की उत्तरार्धात खिशातून वही-पेन्सिल काढून त्याने प्रत्येक चढाई टिपायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं तो हेच करत राहिला. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्याने लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा कमी पासांनंतर होतात, आणि साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो, हे त्यातले गाजलेले निष्कर्ष. यावरून इंग्लंडमध्ये अनेक प्रशिक्षकांनी लांब पासचा धडाका लावला.

आता हे तपासायला मैदान नको, एक नाणं पुरे. वर्गात करून बघा. छाप म्हणजे पास पोचला, काटा म्हणजे चेंडू गेला. काटा येईपर्यंत नाणं उडवत राहायचं आणि ओळीने किती छापा आल्या ते लिहायचं. ही झाली पासांची एक साखळी. अशा शंभर-दोनशे साखळ्या करा. चार किंवा जास्त छापा ओळीने येण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ × १/२ म्हणजे १/१६ आहे. म्हणजे १६ पैकी १५ साखळ्या तीन किंवा कमी पासांच्याच असणार. आता चिठ्ठ्या टाकून यातल्या कुठल्याही दहा साखळ्यांना 'गोल' म्हणा. त्यातल्या बहुधा नऊ किंवा दहा साखळ्या तिनाच्या आतल्या निघतील. या नाण्याने कुठलाही डावपेच लढवलेला नाही. तरीही नव्वद टक्क्यांच्या वर गोल छोट्या साखळ्यांमधून झाले, कारण मुळात साखळ्याच छोट्या होत्या.

रीपच्या आकडेवारीतही हेच आहे. त्याने मोजलेल्या साखळ्यांपैकी ९१.५ टक्के साखळ्या तीन किंवा कमी पासांच्या होत्या. चार किंवा अधिक पासांच्या साखळ्या फक्त ८.५ टक्के. (एका पासच्या यशाची शक्यता ०.५४ धरली, तर ती चार वेळा स्वतःशी गुणून बरोबर ०.०८५ येते. त्या काळच्या इंग्लंडमधल्या मैदानांवर पास पोचणं हा नाणं उडवण्याहून थोडासाच बरा प्रकार होता असं दिसतं. मुलांना हा गुणाकार जरूर करायला लावा.)

समजा १००० साखळ्यांमधून १० गोल झाले. ९१५ छोट्या साखळ्यांमधून ८, म्हणजे सुमारे ११४ साखळ्यांमागे एक. ८५ लांब साखळ्यांमधून २, म्हणजे ४२-४३ साखळ्यांमागे एक. एकेका साखळीचा विचार केला तर लांब साखळी छोटीपेक्षा अडीच पटींहून अधिक फलदायी ठरते. ज्या आकड्याच्या जोरावर चौथा पास बाद केला, तोच आकडा चौथ्या पासच्या बाजूने साक्ष देतो. रीपने अंश मोजला, छेद त्याच्या स्वतःच्याच वहीत होता, पण भागाकार करायचं राहून गेलं.

'लातूर पॅटर्न'च्या गावात हे फार समजावून सांगावं लागलं नाही. गुणवत्ता यादीत आमची किती मुलं आली हे क्लासच्या फलकावर असतं, परीक्षेला किती बसली होती हे नसतं. लातूरचे सर हसले. पण नांदेडचे सर जास्तच खूष झाले, म्हणून आम्हाला पुढचंही सांगावं लागलं.

अडीच पट या आकड्यालाही छेद आहे. लांब साखळी कुणाची होते? बहुधा ज्यांचे खेळाडू मुळातच चांगले आहेत त्यांची, किंवा समोरचा संघ दमला आहे तेव्हा. म्हणजे गोल जास्त पासांमुळे झाले, की जास्त पास आणि जास्त गोल हे दोन्ही चांगल्या संघामुळे झाले? निव्वळ मोजणीतून हे वेगळं करता येत नाही. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या संशोधकांनी १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांतले सामने याच पद्धतीने पुन्हा तपासले. २००५ साली आलेल्या त्यांच्या निबंधात दर साखळीमागे फटके लांब साखळ्यांमधून जास्त निघतात असं दिसलं. पण त्या फटक्यांमधून गोल होण्याचं प्रमाण मात्र थेट, चटकन केलेल्या चढाईत जास्त निघालं.

आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. मधली फळी ताब्यात ठेवून सावकाश पुढे जाताना तुम्ही समोरच्यालाही वेळ देता. त्याचे दहाही खेळाडू मागे येऊन गोलापुढे भिंत उभी करतात. फटके खूप मिळतात, पण गर्दीतून मारावे लागतात. थेट चढाईत चेंडू बहुतेक वेळा हरवतो, पण जेव्हा पोचतो तेव्हा बचाव विस्कळीत असतो. म्हणजे प्रशिक्षकाला एका हाताने फटक्यांची संख्या घ्यायची तर दुसऱ्या हाताने त्यांचा दर्जा सोडावा लागतो. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराच्या वर पास दिले, गोल शून्य, आणि पेनल्टीवर हरून घरी गेला. पण २०१० साली याच स्पेनने याच पद्धतीने विश्वचषक जिंकला होता. तोही सात सामन्यांत अवघे आठ गोल करून! ताब्याचा उपयोग गोल करण्याइतकाच गोल न होऊ देण्यासाठी होतो, हे नांदेडच्या सरांचं म्हणणं तिथे खरं ठरलं.

आपल्याकडचं उदाहरण २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचं. मुंबई सिटीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पासांवर भर देणारे, तर एटीके मोहन बागानचे अंतोनियो हबास आधी बचाव भक्कम करून मग झपाट्याने चढाई करणारे. दोघेही स्पॅनिशच. साखळी फेरीत २० सामन्यांनंतर दोन्ही संघांचे गुण सारखे, ४०. मुंबईने ३५ गोल केले आणि १८ खाल्ले, मोहन बागानने २८ केले आणि १५ खाल्ले. दोन तत्त्वज्ञानं आणि ताळेबंद जवळजवळ एकच. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झालेला अंतिम सामना मुंबईने २-१ असा जिंकला. गंमत म्हणजे पासांसाठी नावाजलेल्या मुंबईची बरोबरी झाली ती एका लांब पासमुळे. तो डोक्याने परतवताना बागानच्या टिरीने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला.

"हे झालं हिरवळीवरचं," लातूरचे सर म्हणाले. "आमचं मैदान बघितलं का?"

बघितलं होतं. काळी माती. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून तडकते. त्यावर टाकलेला मुरूम एका पावसाळ्यात विस्कटतो. जमिनीवरून पंधरा पावलं जाणारा चेंडू वाटेत दोनदा उडतो आणि ज्याच्याकडे मारला त्याच्या गुडघ्यावर जातो. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या शिक्षकाला मैदानावर हिरवळ जोपासा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग आम्ही चहाच्या पुड्याच्या कागदावर एक हिशेब मांडला. समजा गोलाजवळ पोचायला जमिनीवरचे तीन पास लागतात, किंवा एक लांब पास. लांब पास दहापैकी तीनदा आपल्या माणसाला मिळतो, म्हणजे यशाची शक्यता ०.३. हवेत खड्डे नसतात, त्यामुळे हा आकडा मैदानाप्रमाणे फारसा बदलत नाही असं धरू. चांगल्या मैदानावर छोट्या पासचं यश ०.८ असेल, तर तीन पास पोचण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, सुमारे ०.५१. लांब पासपेक्षा बरीच जास्त. खडबडीत मैदानावर तेच यश ०.६ वर आलं, तर तीन पासांची शक्यता ०.२२, म्हणजे लांब पासपेक्षा कमी. सीमारेषा कुठे? ज्या संख्येचा घन ०.३ येतो तिथे, म्हणजे ०.६७ जवळ. दर तीन पासांपैकी दोन पोचत असतील तर दोन्ही पद्धती सारख्या. त्याच्या वर असाल तर पास द्या, खाली असाल तर उंच मारा.

दोन्ही सर आपापल्या मैदानावर बरोबर असू शकतात, असा याचा अर्थ. पण नांदेडच्या सरांनी यातली फट लगेच पकडली. "अहो, पण हा ०.६ काय दगडावर कोरलेला आहे का? लेकरांना शिकवलं तर वाढतो की!" आणि उंच चेंडू मारणाऱ्या संघाचा हा आकडा कधीच वाढत नाही, कारण तिथे कुणी पास देतच नाही.

इथे आम्हाला सय्यद अब्दुल रहीम आठवले. हैदराबादचे रहीम पेशाने शाळाशिक्षक होते. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. तेव्हा नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे हा आपल्याच राज्याचा संघ! चेंडू जमिनीवर, पास छोटे, दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, असा रहीमसाहेबांचा खाक्या. फक्त कच्च्या पायाने खेळायचे सराव सामने ते ठेवत. आमच्या भाषेत, पासची शक्यता वाढवण्याचा हा कारखाना. १ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात येऊन बरोबर एक महिना झाला तेव्हा, त्यांच्या भारतीय संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यात मुंबईकर नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते.

पण १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत याच रहीमसाहेबांनी काय केलं? उंचापुरा बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला सामन्यात खोक पडून टाके घातले गेले. त्याला त्यांनी बसवून न ठेवता थेट आघाडीला खेळवलं. उपान्त्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत जर्नेलसिंगने गोल केले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. आयुष्यभर छोटे पास शिकवणाऱ्या शिक्षकाने वेळ आल्यावर धिप्पाड माणूस पुढे उभा करायला मागेपुढे पाहिलं नाही.

तुमच्या मैदानाचा आकडा काढणं सोपं आहे. दोन मुलं पंधरा पावलांवर उभी करा, अडवायला मध्ये तिसरा ठेवा. ५० पास द्यायला लावा आणि थेट पायात पोचलेले मोजा. तेहतीस-चौतीस आले तर तुम्ही सीमारेषेवर आहात. मात्र ५० मध्ये तीन-चारचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणून प्रयोग दोन-तीनदा करा, आणि मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत करा.

हा शेवटचा भाग आम्हाला लातूरच्या सरांनी शिकवला. महिनाभराने ते नांदेडला आले तेव्हा त्यांच्या वहीत मैदानाचा नकाशा होता. लोकांच्या जाण्यायेण्याची पायवाट उजव्या कडेने जाते. तिथली माती इतकी उखडली होती की छोटा पास टिकतच नव्हता. डाव्या बाजूला मात्र आकडा सीमारेषेच्या बराच वर होता. आता त्यांची मुलं उजवीकडे चेंडू मिळाला की लांब मारतात आणि डावीकडे पास देत जातात. तो लहान चणीचा मुलगा डावीकडे खेळतो. उत्तरार्धात बाजू बदलल्यावर काय करायचं, यावर मात्र त्या दोघांचा पुन्हा वाद सुरू झाला आणि आम्ही चहा मागवला.