हाताला काय हवं आहे?

डोंबिवलीतल्या माझ्या पाळणाघरात सहा महिन्यांचं बाळ पहिल्यांदा येतं, तेव्हा आईची एक सूचना ठरलेली असते, "ताई, हातात काही देऊ नका, सगळं तोंडात घालतो." काळजी रास्तच आहे. घशात अडकेल असं काही मी खाली ठेवतच नाही. पण स्टीलची वाटी, लाकडी चमचा देतेच. समोरच्या माणसाला काय हवंय हे बाळ स्वतःच्या हातांनी शिकतं, अशी माझी खात्री आहे.

१९९८ साली अमेरिकेतल्या अमांडा वुडवर्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळासमोर चेंडू आणि अस्वल. एक हात येतो आणि दर वेळी, समजा, अस्वलच धरतो. बाळाला त्याचा कंटाळा आला की खेळण्यांच्या जागा बदलायच्या. मग हात कधी जुन्याच जागी जातो, पण चेंडू धरतो. कधी नव्या जागी जाऊन अस्वलच धरतो. हाताने चेंडू धरला तेव्हा सहा महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. हाताची वाट तीच होती, बदललं होतं ते हाताला हवं असलेलं खेळणं, आणि तेच त्यांनी टिपलं. हाताऐवजी दांडी वापरली तेव्हा असा फरक दिसला नाही.

तीन महिन्यांच्या बाळाला स्वतःहून हात पुढे करून वस्तू नीट धरता येत नाही. २००५ मध्ये जेसिका समरव्हिल, वुडवर्ड आणि एमी नीडम यांनी अशा बाळांना वेल्क्रोचे हातमोजे घातले. हात लागला की खेळणं चिकटायचं. थोडा वेळ असं खेळून मग दुसऱ्याचा हात पाहिलेल्या बाळांना त्या हाताचा रोख कळला. आधी नुसतं पाहिलेल्यांना नाही. बाळाच्या नजरेवरून किती निष्कर्ष काढावेत यावर वाद आहेत, पण मला हे पटतं, कारण हातांना वाव मिळालेली मुलं मी रोज बघते.

दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हे मात्र बरंच उशिरा उमगतं. रेपाचोली आणि गोपनिक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या प्रयोगात प्रयोग घेणाऱ्या बाईंनी मुलांसमोर ब्रोकोली खाऊन खुशी दाखवली, बिस्किटाला तोंड वाकडं केलं, मग हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी बहुतेक वेळा बिस्किटच दिलं, अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली. आमच्याकडे सव्वा वर्षाचं मूल रडणाऱ्या सोबत्याला स्वतःची बाहुली नेऊन देतं, तेव्हा "त्याला नकोय ती" म्हणून मी ती काढून घेत नाही.