इंजिन न उघडता आतले ओळखण्याची विद्या

बाजार समितीच्या आवारात पहाटे रांगेने उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांपैकी कित्येकींच्या मीटरवर तीन लाख किलोमीटर कधीच उलटून गेलेले असतात. पृथ्वीपासून चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. म्हणजे टोमॅटो, कांदा आणि सिमेंट वाहता वाहता अशी गाडी चंद्राच्या वाटेचा तीन चतुर्थांशाहून अधिक पल्ला कापून बसलेली असते. सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर आणि इंजिनाचे मिनिटाला 2,000 फेरे धरले, तर एवढ्या प्रवासात क्रँकशाफ्ट 90 कोटी वेळा फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये 45 कोटी वेळा डिझेल पेटते. त्यानंतर गाडी घाटात ओढेनाशी झाली, तर नेमके काय झिजले हे मुख्य इंजिन न खोलताही बऱ्याच अंशी ठरवता येते. यंत्रविद्येतील ही एक विलक्षण गोष्ट आहे.

दाबाने पेटणारी आग

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी लागत नाही. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यात दाबतो, त्या दाबाने हवा 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये अनेक वर्षे बसवलेल्या 2523 घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडर इंजिनाचे उदाहरण घेऊ. एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे 630 घन सेंटिमीटर येतात. दाबाचे गुणोत्तर 18 धरले, तर ती सगळी हवा शेवटी जेमतेम 37 घन सेंटिमीटर जागेत कोंबली जाते.

डिझेल इंजिनाचे बहुतेक आजार यातूनच समजतात. हवा पुरेशी आली पाहिजे, ती कोंडली गेली पाहिजे आणि डिझेल योग्य क्षणी, योग्य मापात, बारीक तुषार होऊन पडले पाहिजे. यांतले काय बिघडले, ते शोधणे म्हणजे निदान.

धुराचे तीन रंग

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. म्हणून पहिला हात एअर फिल्टरला लावावा, मग टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप तपासावेत. जोडाजवळ तेलकट डाग आणि चढावर फुस्स आवाज असेल, तर हवा वाटेतच निसटते आहे. हे सगळे ठीक असेल तरच नोजलकडे वळावे.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. तो केव्हा येतो, याला फार महत्त्व आहे. सकाळी सेल्फ मारताच एक भपका येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल गळत असण्याची शक्यता मोठी. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच आला, तर व्हॉल्व्ह गाइडवर संशय जातो. भार घेऊन चढताना सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोचे सील पाहावे लागते.

पांढऱ्या धुराचे प्रकार दोन. डोळे चुरचुरवणारा आणि डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे न जळलेले इंधन: हीटर प्लग निकामी, टायमिंग चुकलेले किंवा कॉम्प्रेशन कमी. गोडसर वासाची वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. थंडीच्या सकाळी दिसणारी आणि थोड्या वेळात विरणारी वाफ मात्र निर्दोष असते.

आवाज, ऑइल आणि पाणी

अनुभवी मेस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाशी लावून ऐकतो. वरच्या भागातली बारीक, संथ लयीची टकटक बहुधा टॅपेटची असते, कारण व्हॉल्व्ह क्रँकच्या निम्म्या वेगाने चालतात. खालून येणारा जड ठोका, तोही गरम इंजिनात अॅक्सिलरेटर सोडताना वाढणारा, बिग एंड बेअरिंगकडे बोट दाखवतो. या ठोक्यानंतर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच ऑइलचा पदर असतो. तो फाटला की धातूवर धातू घासतो.

डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीमुळे लवकर काळे होते, त्याची भीती नको. पट्टीवर ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा फाटका पडदा किंवा गळका नोजल डिझेल खाली सोडत आहे. पातळ झालेले असे ऑइल बेअरिंग खाऊन टाकते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले, कूलंट कमी होत गेले आणि गळती कुठेच दिसली नाही, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. मात्र गरम इंजिनात रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते.

दाबाची साक्ष

हीटर प्लग किंवा नोजलच्या जागी गेज लावून, डिझेलचा पुरवठा बंद ठेवून सेल्फ मारला की प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. निरोगी डिझेल इंजिनात तो साधारण 350 ते 450 पीएसआय असतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. त्याहून मोलाचा असतो चारही आकड्यांमधला फरक. एकच सिलिंडर कमी पडला, तर तिथला व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारचे दोन कमी पडले, तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटले असावे. चारही सारखेच उतरले असतील, तर आधी बॅटरी पाहावी आणि मगच झीज मान्य करावी.

पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा दाब मोजतात. डिझेलमध्ये ती युक्ती फसवते, कारण 37 घन सेंटिमीटरच्या जागेत ते ऑइलच दाब वाढवून दाखवते.

सर्वांत सुंदर चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेची. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचे. एअर फिल्टरच्या बाजूने सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल टाकण्याच्या तोंडातून आला तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. एका फुंकरीत चार अवयवांची परीक्षा होते.

नव्या पिढीतले जुने इंजिन

यांत्रिक पंपाच्या गाडीत नोजलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधण्याची पद्धत आहे. नव्या पिढीच्या कॉमन रेल इंजिनावर ती मुळीच वापरू नये. तिथे दाब 1,000 बारच्याही वर जातो आणि तेवढ्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला पारदर्शक बाटली लावतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा बरेच जास्त साठते, तो इंजेक्टर झिजलेला.

स्कॅनर उपयोगी आहे, पण त्यात दिसणारा कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ‘रेलमधील दाब कमी’ हा इशारा महागड्या पंपामुळे येतो, तसाच चोंदलेल्या डिझेल फिल्टरमुळेही येतो. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: फिल्टर, पाइप, डिझेलमधले पाणी आणि हवा, हीटर प्लग, मग नोजल, टर्बो, पंप आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा आतला भाग.

पिकअपवर अनेकदा अख्ख्या घराचा चरितार्थ चालतो आणि इंजिनाचे काम निघाले की कित्येक आठवड्यांची कमाई त्यात जाते. म्हणून ‘इंजिन खोलावे लागेल’ असे कोणी सांगितले, तर होकार देण्यापूर्वी चारही सिलिंडरांचा दाब मोजायला लावा आणि ते आकडे कागदावर लिहून घ्या.