चिनी भांड्यांवरील राज्यकाल-लेख आणि त्यांचे प्रामाण्य

जुन्या चिनी झिलईदार भांड्यांचा संग्राहक भांडे हाती येताच ते उपडे करून तळ पाहतो. मिंग व चिंग राजवटींतील अनेक भांड्यांच्या तळाशी सहा अक्षरांचा लेख असतो. अक्षरे बहुधा तीन-तीनांच्या दोन उभ्या ओळींत असून उजवी ओळ प्रथम वाचावयाची असते. उदाहरणार्थ, 'दा मिंग चेंगह्वा न्यान जि' म्हणजे 'महान मिंग वंशाच्या चेंगह्वा राज्यकालात निर्मित'. चेंगह्वा राज्यकाल इ. स. १४६५ ते १४८७ हा होय. एवढ्यावरून भांड्याचा काळ निश्चित होतो काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा लेखाविषयी दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. लेख केव्हा लिहिला गेला, हा पहिला. तो सांगतो ते खरे आहे काय, हा दुसरा. निळा रंग कच्च्या भांड्यावर लावून त्यावर झिलई चढवितात व मग ते भाजतात. त्यामुळे झिलईखालील लेख सामान्यतः भांड्याचा समकालीन असतो. झिलईवरील लेख मागाहून घातलेला असू शकतो. परंतु समकालीन लेख सत्य असतोच असे नाही. कांगशी राज्यकालात (१६६२–१७२२) कुंभारांनी आपल्या भांड्यांवर चेंगह्वाचे नाव वारंवार घातले. १६७७ मध्ये जिंगदेझेन येथील स्थानिक अधिकाऱ्याने विद्यमान सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली होती. या काळातील कित्येक भांड्यांवर नुसते दुहेरी वर्तुळ, एखादे पान वा जुन्या राज्यकालाचे नाव आढळते. यात सर्वत्र फसवणूक होती असे नव्हे. पूर्वकालीन कारागिरीविषयीचा आदरही होता. मात्र अशा नावाला तारीख समजणारा संग्राहक सुमारे दोन शतकांनी चुकतो.

याउलट, मुंबईत जन्मलेले संग्राहक सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांनी निरनिराळ्या संग्रहांतून मिळवून एकत्र आणलेल्या दोन फुलदाण्या पाहाव्यात. त्यांच्या मानेवर झिलईखाली निळ्या अक्षरांत युआन राजवटीतील जिजंग राज्यकालाचे अकरावे वर्ष, म्हणजे १३५१, नोंदले आहे. दात्याचे नाव व गाव, देवालय, अर्पण केलेली फुलदाण्यांची जोडी व धूपपात्र, आणि कुटुंबाच्या क्षेमाची प्रार्थना एवढा तपशील त्यात आहे. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये या फुलदाण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा युआन काळी निळी-पांढरी भांडी इतकी प्रगत असतील ही कल्पना रूढ नव्हती. म्हणजे मोलवृद्धीसाठी हे वर्ष निवडण्याचे कारण कोणाही बनावटकारास नव्हते. पुढे पोप यांनी १९५२ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील भांडी या नमुन्याशी ताडून चौदाव्या शतकातील एक संपूर्ण वर्ग निश्चित केला.

तात्पर्य, सहा अक्षरांचा लेख प्रतिष्ठेचे नाव सांगतो, तर फुलदाण्यांवरील लेख घडलेला व्यवहार सांगतो. बनावट ताम्रपटांची परीक्षा करणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांस हा भेद अपरिचित नाही. शब्दार्थ लागला म्हणजे लेख वाचून झाला असे होत नाही. तो कोणी, कशासाठी व कोणत्या द्रव्यावर लिहिला, याचे उत्तर मिळाल्यावरच त्याची साक्ष ग्राह्य ठरते.